तोंडं मोजणारे मेजर

गुरुजींनी मेजरांना पहिल्यांदा पाहिलं ते जलशुद्धीकरण केंद्राच्या फाटकात, सहलीची बस अडवून उभे असताना.

सहावीचा वर्ग होता, बेचाळीस मुलांचा. टाक्या पाहून झाल्या, डबे खाऊन झाले, परत निघायची वेळ झाली. गुरुजींनी नेहमीप्रमाणे हजेरीपट मांडीवर घेतला, वर्गप्रमुख मुलीला विचारलं, "सगळे आले का गं?" ती "हो" म्हणाली. त्यांनी भराभर बेचाळीस खुणा केल्या आणि खाली सही ठोकली. बारा वर्षांच्या नोकरीत हाताला तेवढं वळण पडलेलं होतं. ड्रायव्हरने गाडी सुरू केली, तर पुढे एक उंच, सडपातळ, पंचेचाळिशीचा माणूस आडवा. अंगात सुरक्षा अधिकाऱ्याचा राखी गणवेश, आणि त्याची इस्त्री अशी की बाहीच्या घडीवर बोट कापावं.

"बस जाणार नाही. एक कमी आहे."

"अहो, बेचाळीस आहेत. हजेरी घेतलीय मी," गुरुजी खिडकीतून म्हणाले.

"कागदावर असतील. बसमध्ये एकेचाळीस तोंडं आहेत. आत सोडताना मी बेचाळीस मोजली होती."

गुरुजींना राग आला. पोरांसमोर कुणी असं बोललं की येतोच. ते तावातावाने उठले, पहिल्या बाकापासून एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत मागे गेले, आणि शेवटच्या बाकाशी थांबले. एकेचाळीस.

मुलगी तिसऱ्या टाकीच्या मागे सापडली. पाय ओला झाला होता म्हणून बूट काढून बसली होती, मोजा पिळत. गुरुजी धापा टाकत पोचले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही थांबालच."

टाकीच्या कडेला कठडा नव्हता.

परत फाटकाशी आल्यावर गुरुजींना मान वर करवेना. त्या माणसाने आवाज चढवला नाही की उपदेश केला नाही. एवढंच म्हणाला, "गुरुजी, आधी तोंडं. सही नंतर." फाटकाचा अडसर काढताना त्याचा हात थरथरत होता. गुरुजींना वाटलं, रागाने थरथरतोय. हा अंदाज चुकला होता, हे कळायला त्यांना चौदा वर्षं लागली.

पुढच्या रविवारी गुरुजी माफी मागायला केंद्राच्या वसाहतीत गेले, आणि मग जातच राहिले. दोन खोल्यांचं घर. एक लोखंडी पेटी, एक टेबल, भिंतीवर पलटणीचा एकच फोटो. मेजरांच्या बायकोला गुरुजी पहिल्याच दिवसापासून वहिनी म्हणू लागले. वहिनींची जीभ धारदार आणि हात सढळ. "बसा गुरुजी. यांनी तुम्हाला दारातच मोजलंय, आता तुम्ही नाही म्हणून चालायचं नाही," असं त्यांचं स्वागत. आमच्या लग्नात हे माझ्याकडे बघायचं सोडून पाहुणे मोजत होते, ही त्यांची ठेवणीतली तक्रार. आणि ती खरी असावी, कारण मेजर सगळीकडे मोजत. सिनेमाच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर, मुलीच्या वाढदिवसाला आलेल्या पोरांत. ओठ न हलवता, फक्त हनुवटी किंचित पुढे करत. मोजून झाल्यावरच माणूस सैल व्हायचा.

मेजरांचे वडील इस्त्रीवाले होते. छावणीच्या फाटकाशी त्यांची टपरी होती आणि अधिकाऱ्यांचे गणवेश त्यांच्याकडे येत. "जन्म गेला दुसऱ्याच्या खांद्यावरचे तारे चकचकीत करण्यात. एक तरी जोडी आपल्या दोरीवर वाळू दे," असं ते पोराला म्हणत. पोराने ते मनावर घेतलं. अधिकाऱ्यांच्या परीक्षेत पहिल्या खेपेला आपटला, दुसऱ्या खेपेला पास झाला. निरोप देताना वडिलांनी त्याला आपली लहान पितळी इस्त्री दिली, कोळशावर चालणारी, तांब्याएवढी. "साहेब झालास तरी इस्त्री आपली आपण फिरव," म्हणाले.

ती इस्त्री गुरुजींनी एकदाच पाहिली. लोखंडी पेटीच्या तळाशी, जुन्या मफलरमध्ये गुंडाळलेली. मेजर रोजच्या कपड्यांना विजेची इस्त्री फिरवत, पण स्वतःच फिरवत. "मग ही का नाही वापरत? एवढी वडिलांची आठवण," गुरुजींनी विचारलं. मेजरांनी पेटी बंद केली. "कोळसे कुठे मिळतात हल्ली?" म्हणाले. कोळसे तर वसाहतीबाहेरच्या वखारीत मिळत होते. गुरुजींनी ते मनात नोंदवलं आणि सोडून दिलं.

चार वर्षांनी निवडणूक आली. सत्तेतल्या पक्षाला शहरात धड उमेदवार मिळत नव्हता. जो तो दुसऱ्याच्या पायात पाय घालून बसलेला. पक्षाच्या शहरप्रमुखाला सगळे भाऊ म्हणत. भाऊंची जीभ लोण्याची आणि नजर घारीची. त्यांना कुणीतरी सांगितलं, पाण्याच्या केंद्रावर एक निवृत्त मेजर आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि त्याने एकदा शाळेची पोरगी वाचवली. भाऊ त्याच संध्याकाळी वसाहतीत हजर.

मेजर नको म्हणाले. वहिनी नको म्हणाल्या. हो म्हणाले ते गुरुजी. "तुमच्यासारखी माणसं घरात बसतात म्हणून यांच्यासारखी निवडून येतात," असं ते भाऊंच्या देखतच बोलले, आणि भाऊ मोठ्याने हसले. "बरोबर आहे गुरुजींचं! लिहा की मग तुम्हीच पत्रक."

गुरुजींनी लिहिलं. रात्रंदिवस निबंध तपासणाऱ्या माणसाला एक तरी वाक्य आपलं छापून यावं असं वाटतं, तसं त्यांनाही वाटलं. सहलीचा प्रसंग त्यांनी चार ओळींत मांडला आणि खाली मोठ्या अक्षरांत घातलं: 'मेजर एकालाही मागे सोडत नाहीत.'

मेजरांनी कागद वाचला. दोनदा वाचला. "ही शेवटची ओळ काढता येईल?"

"का? तीच तर खरी ओळ आहे."

"खरी नाही, गुरुजी."

"मी या डोळ्यांनी पाहिलंय की! माझी अब्रू वाचवलीत तुम्ही त्या दिवशी."

मेजर काहीतरी बोलायला गेले. तेवढ्यात भाऊंनी कागद उचलला, ओळ मोठ्याने वाचली आणि मांडीवर थाप मारली. "यालाच म्हणतात शंभर नंबरी सोनं. मेजर, विनय घरी ठेवा. हे उद्या छापायला जातंय." गुरुजींनाही तो विनयच वाटला. आपल्याला जे हवं असतं तेच माणूस समोरच्याच्या चेहऱ्यावर वाचतो. मुलांच्या उत्तरपत्रिकेत ही चूक ते लगेच पकडत.

ओळ गावभर झाली. बसस्थानकाच्या लांब भिंतीवर भाऊंनी ती तेलरंगात रंगवून घेतली, पुरुषभर उंच. मेजर निवडून आले, पाच वर्षांनी पुन्हा आले, आणि दुसऱ्या खेपेला दीड वर्ष राज्यमंत्रीही झाले.

ते वाईट आमदार नव्हते, हे सांगायला हवं. त्यांनी नदीवरच्या जुन्या पुलाला कठडे बसवून घेतले, टाक्यांना बसवले, शाळांच्या बसला मागचं दार असावं म्हणून दोन वर्षं सचिवालयाचे उंबरठे झिजवले. सभागृहात ते फारसं बोलत नसत. मतदानाच्या वेळी मात्र अध्यक्षांच्या आधी त्यांची मोजणी झालेली असे, आणि विरोधी बाकांवरून कुणीतरी ओरडे, "मेजर, खुर्च्याही मोजून ठेवा, तुमच्या सरकारात त्याही पळतात!" सगळे हसत. मेजरही हसत. पण बसस्थानकावरून गाडी जाताना ते नेमके गुडघ्यावरचे कागद वाचू लागत, हे शेजारी बसणाऱ्या गुरुजींनी कितीदा तरी पाहिलं. एकदा कागद उलटा होता.

तिसऱ्या निवडणुकीला हवा फिरली होती. लोक कंटाळले होते. भाऊंनी नवी शक्कल काढली: मेजरांच्या जुन्या तुकडीतले जवान शोधून आणायचे, शाळेच्या मैदानावर सभा घ्यायची, सगळ्यांना मंचावर बसवायचं, मागे तीच ओळ. मेजरांना त्यांनी सभेच्या सकाळपर्यंत पत्ता लागू दिला नाही. सूत्रसंचालन अर्थातच गुरुजींकडे.

बारा जण आले. गुरुजींनी त्यांना सातवीच्या वर्गात बसवून चहा दिला. साठीकडे झुकलेली माणसं, लहान बाकांत गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. शेवटच्या बाकावर एकजण डाव्या हाताने कप धरून बसला होता. उजवा हात टेबलावर होता. त्याला अंगठा तेवढा होता. चारी बोटं पहिल्या पेरालाच संपलेली.

"हा आमचा आचारी," शेजारचा म्हणाला. "याच्या हातची डाळ खाऊन आम्ही शत्रूला घाबरायचं सोडलं. त्याहून वाईट काय होणार?"

"तूच तीनदा घ्यायचास," आचारी म्हणाला. गुरुजींची नजर कुठे आहे हे त्याने पाहिलं आणि हात वर करून दाखवला. "बर्फाने खाल्ली. अंगठा मात्र ठेवला. सरकारला अंगठाच लागतो ना, गुरुजी, तेवढं देवाला ठाऊक."

सगळे हसले. गुरुजींनी सहज विचारलं, "मेजरांच्याच तुकडीत असताना?"

"तेव्हा कप्तान होते साहेब. एकोणतिशीचे." आचाऱ्याने चहाचा घोट घेतला. त्याच्या बोलण्यात कुरकुर नव्हती. गावाला जाऊन आल्यासारखं तो सांगत होता. "वरचं ठाणं सोडून खाली यायचं होतं, वादळाच्या आत. एकतीस माणसं. आम्ही वाटेला लागलो, तेवढ्यात साहेबांच्या ध्यानात आलं, इस्त्री राहिली. वडिलांची होती, पितळेची. माझ्याच चुलीतले कोळसे भरायचे त्यात, म्हणून ती माझ्याकडे असायची. म्हणाले, जा, पळत जा आणि घेऊन ये. मी गेलो. परत फिरतो तर समोरचं दिसेना."

"मग?"

"मग काय. खाली संध्याकाळची हजेरी झाली. हवालदाराने कागद दिला, एकतीस. साहेबांनी सही केली, वायरलेसवर कळवलं, सगळे हजर. सकाळी चहा आला नाही तेव्हा कळलं, मी नाही."

वर्गात पुन्हा हसू झालं, पण आता थोडं कमी.

"शोधायला माणसं येईपर्यंत दोन रात्री वर होतो. चुलीतले कोळसे इस्त्रीत भरले आणि हा डावा हात त्यावर ठेवून बसलो. म्हणून हा शिल्लक. दोन्ही हातांना पुरेल एवढी ती मोठी नव्हती." त्याने डावा हात कपाभोवती फिरवला. "अहवालात लिहिलं होतं की मी न विचारता मागे गेलो. म्हणून कामावर असतानाची जखम धरली नाही. साहेब विसरले असतील. त्या गडबडीत माणसाला काय काय लक्षात राहणार? मी कधी मनात धरलं नाही. बायको धरते."

गुरुजींनी किटली टेबलावर ठेवली. पेटीच्या तळाशी मफलरमध्ये काय होतं ते त्यांना आता दिसत होतं. कोळसे कुठे मिळतात हल्ली. आणि ती ओळ. ती त्यांची ओळ होती, त्यांच्या अक्षरात लिहिलेली.

मैदान भरलं होतं. मेजर मंचावर आले, सवयीने हनुवटी पुढे करून मोजू लागले, आणि अकराव्या खुर्चीशी थांबले. आचाऱ्याने उठून नमस्कार केला. अंगठ्याच्या हाताने.

मेजर भाषणाला उभे राहिले आणि वळून त्यांनी मागची ओळ वाचली. मग माईकवर त्यांचा आवाज आला, कोरडा. "मागे जे लिहिलंय ते खरं नाही. हे जे शेवटून दुसरे बसलेत, त्यांना मी मागे सोडलं होतं."

आणि मग टाळ्या. आधी पुढच्या रांगेतून, मग सगळीकडून. भाऊंनी झेप घालून माईक धरला. "पाहिलंत? याला म्हणतात मोठेपण! आपल्या जवानाचा मान वाढवायला स्वतःकडे कमीपणा घेणारा नेता दाखवा मला दुसरा!" टाळ्या दुप्पट झाल्या. आचारीही टाळ्या वाजवत होता, एक हात दुसऱ्यावर आपटून, साहेबांचा मान राखायला.

मेजर तसेच उभे होते. आणखी एक वाक्य पुरलं असतं. 'मीच पाठवलं होतं आणि मीच खोटं लिहिलं.' ते त्यांच्या गळ्याशी आलेलं गुरुजींना दिसलं. मग मेजर खाली बसले. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

भाऊंनी माईक गुरुजींच्या हातात दिला. सगळं मैदान त्यांच्याकडे पाहत होतं. निम्मी माणसं त्यांचे विद्यार्थी. त्यांनीच तर त्यांना खरं बोलायला शिकवलं होतं, फळ्यावर सुविचार लिहून. गुरुजींनी हातातला कागद पाहिला आणि म्हणाले, "यानंतर आभारप्रदर्शन."

त्या दोन शब्दांची लाज त्यांना अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेजर गुरुजींच्या घरी आले. शर्टाला इस्त्री नव्हती. गुरुजींनी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. ते खुर्चीत बसले.

"त्याला वाटतं, मी विसरलो," ते म्हणाले.

"मला म्हणाला तो."

"विसरलो नव्हतो. सही करताना आठवत होतं की तो वर गेलाय. वाटलं, येईलच मागोमाग. एकतीस लिहून मोकळा झालो. सकाळी वरिष्ठांनी विचारलं, तो मागे का गेला? इस्त्रीसाठी पाठवला, हे तोंडातून निघेना. इस्त्रीवाल्याचा पोर आधीच म्हणत होते मला सगळे. तेव्हा म्हटलं, न विचारता गेला." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "चाळीसेक शब्दांचा अहवाल. तुमच्या सहावीच्या पोरानेही बरा लिहिला असता."

गुरुजींनी समजूत घालायला जीभ उचलली होती, पण कुणाची घालायची?

"पत्र लिहायचंय सैन्याच्या कार्यालयाला. अहवाल खोटा होता म्हणून. तुम्ही लिहा. पण तुमच्या भाषेत नको. विशेषण नको एकही."

गुरुजींनी लिहिलं. 'दुर्दैवाने' लिहिलं, मेजरांनी ते खोडलं. 'तरुण वयातील' लिहिलं, तेही खोडलं. शेवटी पाच वाक्यं उरली. मेजरांनी सही केली, पाकीट बंद केलं आणि ते हातात धरून बसले.

"मतदान आठ दिवसांवर आहे," ते म्हणाले. "ते झालं की टाकतो."

गुरुजींनी मान डोलावली. डोलावली, हे लपवण्यात अर्थ नाही. तीस वर्षं थांबलेलं पाकीट आणखी आठ दिवस थांबलं तर काय बिघडतं, असं त्यांना खरंच वाटलं. आतून वहिनींसारखं कुणी टोचून बोलणारं असतं तर बरं झालं असतं. पण वहिनी आदल्या वर्षीच गेल्या होत्या.

मेजर आधीच्यापेक्षा जास्त मतांनी निवडून आले. सगळे म्हणत, त्या सभेनेच तारलं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी पाकीट टपालपेटीत पडलं, आणि त्याच्या पुढच्या दिवशी मेजर आणि गुरुजी पत्राची प्रत आणि मफलरमधली इस्त्री घेऊन आचाऱ्याकडे गेले.

तो एका धान्याच्या गोदामावर राखणदार होता. दारात लाकडी स्टूल, भिंतीला चाव्यांचा जुडगा. साहेब दारात पाहून तो गडबडला, स्टूल पुढे केलं, पिंपातून पाणी काढलं. मेजर बसले नाहीत.

"तुम्हाला एक सांगायचंय," ते म्हणाले.

"मला 'तुम्ही' काय म्हणताय साहेब? 'तू' म्हणायचात."

मेजरांनी प्रत वाचून दाखवली. उभ्यानेच, पाचही वाक्यं, न अडखळता. आचारी हसत ऐकत होता. तिसऱ्या वाक्याला त्याचं हसू थांबलं.

"म्हणजे विसरला नव्हतात?"

"नाही."

आचाऱ्याने पाण्याचा पेला पिंपावर ठेवला. पोती भरलेल्या अंधारात कुठेतरी उंदीर खुडबुडला.

"बायको तीस वर्षं म्हणत आली, साहेबाने तुला विकला. मी तिच्याशी भांडत आलो. माझा साहेब तसा नाही, विसरला असेल. दोनदा ती माहेरी जाऊन बसली, या एका गोष्टीवरून." त्याने मान हलवली. "बोटांचं काही नाही हो. बोटं युद्धात जातातच माणसाची. पण तिला मी खोटी पाडली."

मेजरांनी मफलर सोडून इस्त्री पुढे धरली. आचाऱ्याने तिच्याकडे पाहिलं, हात लावला नाही.

"मला काय करायचीय? माझे कपडे कुठे इस्त्रीचे आहेत?"

आणि मग तो जे म्हणाला ते ऐकू येऊ नये असं गुरुजींना वाटलं, पण आलं. "टाळ्या वाजवल्या मी तुमच्यासाठी. या हाताने. तेव्हा तरी सांगायचं."

मेजरांनी खाली बघत इस्त्री पुन्हा मफलरमध्ये गुंडाळली. पाठीमागे उभ्या गुरुजींनाही मान वर करवेना. सहलीच्या दिवशी फाटकात करवली नव्हती, तशीच.

परतीच्या वाटेवर मेजरांनी आमदारकीचा राजीनामा लिहिला, गाडीतच, गुडघ्यावर. गुरुजींना मदत मागितली नाही. भाऊ धावत आले, आधी पाया पडले, मग शिव्या दिल्या, आणि महिन्याभरात आपल्या पुतण्याला उभं केलं. वर्तमानपत्रात पाचव्या पानावर बातमी आली. काहींनी नाटक म्हटलं, काहींनी ओळख दाखवणं सोडलं, बहुतेकांना काही वाटलं नाही. बसस्थानकाच्या भिंतीवर पुतण्याचं नाव चढलं. पण पांढरा रंग पातळ होता, आणि उन्हात खालची जुनी अक्षरं अजून उमटतात. गुरुजी भाजी आणायला मागच्या गल्लीने जातात. पाव मैल लांब पडतं.

सैन्याच्या कार्यालयाने तीन वर्षं घेतली. अहवाल दुरुस्त झाला, आचाऱ्याची जखम कामावरची धरली गेली. मेजरांना त्याचं एक कार्ड आलं, दुसऱ्या कुणाच्या अक्षरात: 'मिळालं.' खाली सहीच्या जागी अंगठा होता. मेजरांनी ते गुरुजींना दाखवलं आणि पुन्हा खिशात ठेवलं. तो स्वतः कधी आला नाही. मेजर पुन्हा एकदा गोदामावर गेले होते. चावी दुसऱ्याकडे होती.

आता मेजर अठ्ठ्याहत्तरचे आहेत. मुलीकडे राहतात, दुसऱ्या मजल्यावर. ऐकू कमी येतं, डाव्या गुडघ्याला पट्टा असतो. गुरुजी महिन्यातून एकदा जातात. दार उघडल्यावर मेजर अजूनही हनुवटी पुढे करतात आणि म्हणतात, "एकच?" गुरुजी म्हणतात, "एकच." मग आत जातात. पितळी इस्त्री खिडकीशी असते, उघड्यावर. गुरुजींनी एकदा विचारलं, ही पेटीत का नाही ठेवत? "दिसलेली बरी," मेजर म्हणाले.

घरात मुलगी, जावई, नात धरून चार माणसं आहेत. सकाळचा चहा मेजर करतात, आणि प्रत्येकाच्या खोलीत स्वतः नेऊन देतात.